राउटरशी अक्षरांतून संवाद : कमांड लाइनची पार्श्वभूमी

नवा स्विच, म्हणजे नेटवर्कमधले संगणक एकमेकांना जोडणारे उपकरण, खोक्यातून काढल्यावर त्याला बहुधा पहिली जोडली जाते ती कन्सोलची, म्हणजे थेट उपकरणाशी बोलण्याची, केबल. टर्मिनलमध्ये ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशी मांडणी करायची, एंटर दाबायचे आणि प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा लिहायची जागा दाखवणारे चिन्ह, उमटण्याची वाट पाहायची. अशा अक्षरी आज्ञांनी उपकरण चालवण्याची पद्धत म्हणजे कमांड लाइन. ज्या आरएस-२३२ मानकावर ही जोडणी चालते ते १९६० मधले, म्हणजे इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटहूनही जुने आहे. पुढे नेटवर्कवरून लॉगिन करता यावे म्हणून सिस्को या नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या कंपनीच्या उपकरणात 'लाइन व्हीटीवाय ० ४' अशी ओळ येते. तिच्यातील 'व्हीटीवाय'मधले 'टीवाय' म्हणजे टेलिटाइप, हे ती ओळ रोज टंकणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही.

१९६३ मध्ये आलेले टेलिटाइपचे एएसआर-३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे कागदावर छापत असे. माणसाने एक ओळ लिहायची आणि यंत्राने खाली उत्तर छापायचे, एवढाच व्यवहार तिथे शक्य होता, आणि प्रत्येक अक्षराला वेळ लागत असल्यामुळे आज्ञा तोकड्या ठेवण्याची सवय तिथेच रुजली. कागद जाऊन पडदा आला तरी व्यवहार तोच राहिला. डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) या कंपनीच्या व्हीटी१०० टर्मिनलवर (१९७८) ८० स्तंभ आणि २४ ओळी मावत; सिस्कोचा राउटर (वेगवेगळ्या नेटवर्कांमध्ये माहितीची वाट ठरवणारे उपकरण) लांबलचक उत्तर देताना २४ ओळींच्या हिशेबाने थांबून 'मोअर' दाखवतो, तो याच पडद्याचा वारसा.

नेटवर्कच्या कमांड लाइनला तिचा स्वभाव मात्र टॉप्स-२० या कार्यप्रणालीकडून मिळाला. बीबीएन कंपनीत पीडीपी-१० संगणकासाठी टेनेक्स तयार झाली आणि तिच्यावरून डेकने टॉप्स-२० घडवली. कमांड अर्धवट लिहून प्रश्नचिन्ह दाबले की पुढे काय काय चालेल याची यादी समोर येई, आणि संदिग्धता नसेल तर दोन-तीन अक्षरांचे संक्षिप्त रूपही चाले. स्टॅनफर्ड विद्यापीठात या यंत्रणेवर हात बसलेल्या लेनर्ड बोसॅक यांनी सँडी लर्नर यांच्यासह १९८४ मध्ये सिस्को स्थापन केली. विल्यम येगर यांनी स्टॅनफर्डमध्येच लिहिलेल्या राउटरच्या सॉफ्टवेअरवर कंपनीची सुरुवातीची उत्पादने उभी राहिली, आणि १९८७ मध्ये विद्यापीठाने त्याचा रीतसर परवाना दिला. आजचे 'शो इंटरफेसेस' नुसते 'श इंट' एवढ्यावर भागते, ते त्या जुन्या यंत्रणेच्या वळणामुळे.

या पद्धतीची एक खोड मात्र महागात पडते : ओळ लिहून एंटर दाबला की ती त्याच क्षणी लागू होते. व्हीलॅन म्हणजे एकाच नेटवर्कमध्ये वेगळे केलेले आभासी नेटवर्क, आणि अशी अनेक नेटवर्के वाहून नेणारे तोंड म्हणजे ट्रंक पोर्ट. ट्रंक पोर्टवर आधीच्या व्हीलॅनच्या जोडीला ३० क्रमांकाचा व्हीलॅन सोडायचा असेल, तर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाऊड व्हीलॅन ॲड ३०' असे लिहावे लागते. त्यातला 'ॲड' राहिला की यादीत भर पडत नाही. जुनी यादी पुसली जाऊन तिथे एकटा ३० उरतो. आपले लॉगिन पुसल्या गेलेल्यांपैकी एखाद्या व्हीलॅनवरून आलेले असेल, तर प्रॉम्प्ट जागच्या जागी गोठतो. म्हणून जाणती माणसे आधी 'रिलोड इन १०' देतात, म्हणजे संपर्क तुटलाच तर दहा मिनिटांनी उपकरण पुन्हा सुरू होते आणि बदल जतन केलेला नसल्याने जुनी मांडणी परत येते. हा तोडगाच आहे, रचना नव्हे. ज्युनिपर या दुसऱ्या कंपनीने १९९८ मध्ये एम४० राउटरबरोबर आणलेल्या जुनोस या कार्यप्रणालीत बदल आधी मसुद्यात जमा होतात आणि 'कमिट' म्हटल्यावर एकत्रित लागू होतात; 'कमिट कन्फर्म्ड' दिल्यास ठरलेल्या वेळेत दुजोरा मिळाला नाही तर ते आपोआप मागे घेतले जातात. माझ्या मते कमांड लाइनच्या इतिहासातील खरी सुधारणा हीच.

नेटवर्कवरून लॉगिन करण्याच्या टेलनेट या जुन्या पद्धतीत पासवर्ड उघड्या अक्षरांत जात असे. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात टाटू इलोनेन यांनी सगळा संवाद सांकेतिक रूपात नेणारे एसएसएच लिहिले आणि ती अडचण हळूहळू संपली. दुसरी अडचण अधिक चिवट होती, कारण राउटरचे उत्तर माणसाच्या डोळ्यांसाठी मांडलेले असते आणि प्रोग्रामला ते शब्दाशब्दाने उकलावे लागते. १९९० मध्ये डॉन लिब्स यांच्या एक्स्पेक्ट या साधनाने माणसाऐवजी स्क्रिप्टला प्रॉम्प्टसमोर बसवले, पण आवृत्ती बदलून उत्तरातील एखादा रकाना सरकला की अशी स्क्रिप्ट कोलमडे. प्रोग्रामने उपकरणांची माहिती मागवण्यासाठी व बदलण्यासाठी १९८८ पासून उपलब्ध असलेले एसएनएमपी देखरेखीपुरते रुळले. २००२ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने भरवलेल्या कार्यशाळेत नेटवर्क चालवणाऱ्यांनी स्पष्ट सांगितले की कॉन्फिगरेशनसाठी ते वापरले जात नाही. त्या चर्चेतून २००६ मध्ये प्रोग्रामने उपकरणे कॉन्फिगर करण्याची नेटकॉन्फ ही पद्धत आणि २०१० मध्ये यँग ही मांडणीची भाषा आली, आणि त्यांत मसुदा व कमिट या कल्पनांनाही जागा मिळाली.

दरम्यान कमांडचे शब्द एका कंपनीचे न राहता धंद्याची बोली बनले होते. ५०० हून अधिक कमांड उचलल्याचा आरोप ठेवून सिस्कोने २०१४ मध्ये अरिस्टा या प्रतिस्पर्धी कंपनीवर खटला भरला. डिसेंबर २०१६ मध्ये जूरीने, अशी शब्दयोजना या क्षेत्रात ओघानेच येते हा अरिस्टाचा बचाव मान्य केला. पुढे २०१८ मध्ये अरिस्टाने ४० कोटी डॉलर देऊन दोघांमधले सगळेच वाद मिटवले. टॉप्स-२० च्या कर्त्यांना हे भांडण पाहून गंमत वाटली असेल.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या मुख्य नेटवर्कची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका कमांडने त्याच्या सगळ्या जोडण्या तोडल्या. अशा कमांड अडवण्यासाठी असलेल्या तपासणी साधनातच दोष होता, आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले वेगळे नेटवर्कही चालेना. शेवटी अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये पाठवून प्रत्यक्ष उपकरणांसमोर उभे करावे लागले.