दिवा लागला, मग चूल का विझली नाही?

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ८७ वॉट-तास ऊर्जा लागते. तेवढ्या विजेवर ९ वॉटचा एलईडी दिवा जवळजवळ दहा तास जळेल. भांड्याच्या अंगावरून आणि वाफेवाटे निसटणारी उष्णता तर या हिशोबात धरलेलीच नाही. प्रकाशाला ऊर्जा फार थोडी लागते, उष्णतेला भरपूर. विकसनशील देशांतल्या ऊर्जेच्या प्रश्नाचं बरंचसं कोडं या एका फरकात आहे. तरीही सरकारी घोषणांमध्ये वीज आणि स्वयंपाक हे दोन विषय वेगवेगळ्या खात्यांत बसवलेले असतात, आणि त्यांचा एकमेकांशी हिशोब क्वचितच लावला जातो.

२०१० साली जगात ११० कोटींहून जास्त माणसं विजेविना राहत होती. २०२३ पर्यंत हा आकडा ६७ कोटींच्या आसपास आला. यातली पाचांपैकी चारांहून जास्त माणसं सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत. मात्र लाकूड, कोळसा, गोवऱ्या किंवा रॉकेल जाळून रांधणारी माणसं आजही सुमारे २१० कोटी आहेत. म्हणजे घरात दिवा लागलेला आहे, फोन चार्ज होतो आहे, आणि त्याच घरात दिवसातून दोन-तीनदा चूलही पेटते, अशी कोट्यवधी घरं आहेत.

वीज पोचली म्हणजे नक्की काय पोचलं? जागतिक बँकेच्या पुढाकाराने तयार झालेल्या मोजपट्टीत याच्या पाच पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला किमान ३ वॉट, तेही दिवसातून चार तास मिळाले तरी पुरतात. पाचवीला २ किलोवॉट लागतात आणि दिवसाचे २३ तास पुरवठा लागतो. पहिल्या पायरीला कमी लेखू नये. रॉकेलच्या चिमणीच्या जागी आलेला पहिला दिवा घराचा दिनक्रम बदलतो. बांगलादेशात २००३ पासून ४० लाखांहून जास्त घरांवर छोटी सौर संयंत्रं बसली. केनियात मोबाइलवरून रोज थोडे थोडे पैसे भरून सौर संच घेण्याची पद्धत रुळली. एलईडी आणि बॅटऱ्या स्वस्त झाल्याचा हा मोठा लाभ. पण त्या संचावर १५०० वॉटची इंडक्शन शेगडी चालणं शक्य नाही.

ग्रिडची, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याची तार आली तरी अडचण संपत नाही. वस्तीला २५ केव्हीएचा (म्हणजे फार तर २५ किलोवॉट पेलणारा) ट्रान्सफॉर्मर दिला आणि त्यावर शंभर घरं जोडली, तर सगळ्यांनी एकदम वापर केल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला २५० वॉटसुद्धा येत नाहीत. दिवे, पंखे, टीव्ही यांना तेवढे चालतात, कारण सगळं एकदम सुरू नसतं. स्वयंपाक मात्र सगळ्या घरी साधारण एकाच वेळी होतो. सतरा-अठरा घरांनी संध्याकाळी इंडक्शन लावला की ट्रान्सफॉर्मर मर्यादेपलीकडे जातो, व्होल्टेज पडतं आणि शेवटी फ्यूज उडतो. मग माणसं चूल पुन्हा पेटवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आता त्या चुलीकडे जवळून पाहू. ओलसर लाकूड आचेला लागलं की आधी त्यातलं पाणी उडतं आणि बरीचशी उष्णता त्यातच खर्च होते. तापमान २००-३०० अंशांवर गेलं की लाकडाचे रेणू तुटायला लागतात, त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरासारखी वाफ बाहेर पडते. आपल्याला दिसते ती ज्योत या वायूंची असते. ते पूर्ण जळायचे तर तीन गोष्टी हव्यात: पुरेसं तापमान, हवेशी नीट मिसळणं, आणि जळून संपायला पुरेसा वेळ. तीन दगडांच्या चुलीत तिन्ही कमी पडतात. ज्योत वर जाते आणि भांड्याच्या त्यामानाने थंड बुडाला टेकते, तिथेच ती विझते. उरलेले अर्धवट जळलेले वायू, काजळी, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्मल्डिहाइड असं सगळं मिळून जे बाहेर येतं तो धूर. नवं लाकूड सारल्यावर धुराचा लोट उठतो तो याचमुळे: थंड, ओलं लाकूड वायू सोडायला लागलेलं असतं, पण ते जाळायला लागणारी आच अजून तिथे नसते.

या धुरातले कण अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहून कमी. नाकात ते अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस अशी, की हवेत अशा कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. चूल पेटलेली असताना बंद स्वयंपाकघरात हे प्रमाण हजाराच्या पुढे जातं. याच संघटनेच्या अंदाजाने २०२० साली घरातल्या धुरामुळे ३२ लाख मृत्यू झाले, त्यात पाच वर्षांखालची मुलं २ लाख ३७ हजारांवर. आई रांधत असते आणि तान्हं मूल तिच्या पाठीला किंवा मांडीवर असतं, त्यामुळे धुरातला वाटा त्यालाही मिळतो.

मग चूल सुधारून भागेल का? अनेक दशकं हाच उपाय केला गेला, आणि त्याचा अनुभव मन घट्ट करून वाचावा लागतो. ग्वाटेमालात घरांना धुराडं असलेल्या चुली दिल्या. मुलांच्या वाट्याचा धूर निम्म्यावर आला, पण एकूण न्यूमोनियात झालेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरली नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र कमी झाला. मलावीत दहा हजारांहून जास्त मुलांवर कमी धुराच्या चुलींचा प्रयोग झाला. २०१६ मध्ये निकाल आला: न्यूमोनियात फरक नाही. धूर आणि आजार यांचं नातं सरळ रेषेचं नाही. धूर फार असतो तेव्हा तो निम्मा करूनही धोका थोडाच उतरतो. मोठी घट मिळते ती हवा जवळजवळ स्वच्छ झाल्यावर.

त्यापुढचा प्रयोग भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत झाला. सुमारे ३२०० गर्भवती स्त्रियांपैकी निम्म्यांना गॅस शेगडी आणि दीड वर्षाचा गॅस मोफत घरपोच दिला. चुलीवर राहिलेल्या स्त्रियांच्या श्वासात कणांचं प्रमाण घनमीटरला साधारण ७१ मायक्रोग्रॅम होतं, गॅसवाल्यांचं २४ वर आलं. तरीही बाळांच्या जन्मवजनात आणि गंभीर न्यूमोनियात अपेक्षित फरक दिसला नाही. यावरून गॅस निरुपयोगी ठरवणं मला घाईचं वाटतं. २४ हा आकडासुद्धा शिफारशीच्या जवळपास पाचपट आहे, आणि एका घराने गॅस घेतला तरी शेजारच्या चुलींचा धूर येतच राहतो. हृदयविकार आणि दमछाकीचे फुप्फुसविकार जडायला कित्येक वर्षं लागतात, दीड वर्षाच्या प्रयोगात ते दिसणार कसे? मला यातून दिसतं ते असं, की सुटी सुटी घरं धरण्याऐवजी अख्खी वस्ती एकदम धुरातून बाहेर काढावी लागेल.

शेगडी दिली म्हणजे चूल गेली, असंही होत नाही. संशोधक हे मोजण्यासाठी चुलीला आणि शेगडीला बटणाएवढा तापमापक चिकटवून ठेवतात. तो आठवडेच्या आठवडे दर काही मिनिटांनी तापमान नोंदवतो. त्या आलेखांत सहसा दोन्हींची शिखरं दिसतात, सकाळी गॅस आणि संध्याकाळी चूल. कारणं साधी आहेत. सरपण गोळा करायला रोख पैसे लागत नाहीत, पण सिलिंडर भरायला एकरकमी लागतात. मोठं भांडं शेगडीवर बसत नाही. रिफिलचं दुकान लांब असतं. शिवाय सरपणात जाणारे तास बाईचे असतात आणि पैशाचा निर्णय बऱ्याचदा तिच्या हातात नसतो.

इंडोनेशियाने २००७ पासून रॉकेल सोडवण्यासाठी ५ कोटींहून जास्त घरांना ३ किलोचे छोटे सिलिंडर दिले. एका वेळची रक्कम लहान, उचलायलाही हलका. भारतात २०१६ ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने १० कोटींहून जास्त जोडण्या दिल्या. तिथे खरी ओढाताण होती ती पुढच्या रिफिलची, म्हणून नंतर रिफिलवरही अनुदान द्यावं लागलं. माझ्या मते आरंभापासून हिशोब रिफिलचाच ठेवायला हवा होता. जोडणी एकदाच मोजली जाते, पण धूर रोज होतो.

हाच मोजमापाचा गोंधळ कार्बन क्रेडिटमध्येही झाला. कमी धुराच्या चुली वाटून लाकूड वाचलं की जेवढा कार्बन हवेत जायचा टळला, त्याची प्रमाणपत्रं म्हणजे क्रेडिट विकले जातात. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं, की तपासलेल्या प्रकल्पांत प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे नऊपट क्रेडिट दिले गेले होते. नवी चूल नियमित वापरली जाते आणि जुनी सोडून दिली, असं गृहीत धरलं होतं.

विजेवर रांधण्याबाबत मला आशा वाटते ती एका साध्या भांड्यामुळे. उघड्या भांड्यात एक लिटर पाणी उकळीला आणायला ८७ वॉट-तास लागतात, पण तेच पाणी वाफ होऊन उडून जाऊ दिलं तर आणखी ६२७ जातात, सातपटीहून जास्त. कडधान्यं तास-दोन तास उकळत ठेवली की बहुतेक ऊर्जा अशी हवेत जाते. विजेच्या प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडलेली असते आणि बाहेरून उष्णतारोधक कवच असतं. एकदा दाब आला की वीज आपोआप तुटते आणि अधूनमधूनच लागते. हजार वॉटचा कुकर सरासरीत त्याच्या थोड्याशाच हिश्शावर चालतो. शेजाऱ्यांनी थोडं मागेपुढे लावलं, तर छोट्या सौर ग्रिडलाही तो पेलतो.

जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँकेने २०३० पर्यंत आफ्रिकेत ३० कोटी लोकांना वीज देण्याचं ठरवलं आहे. स्वच्छ स्वयंपाकासाठी मे २०२४ मध्ये पॅरिसच्या परिषदेत २२० कोटी डॉलरची आश्वासनं मिळाली, तर आफ्रिकेची गरज वर्षाला सुमारे ४०० कोटींची आहे. या ३० कोटी लोकांसाठी तारा ओढताना तारेची जाडी आणि ट्रान्सफॉर्मरची क्षमता दिव्यांवरून ठरवली, तर कुकरसाठी पुढे तेच काम पुन्हा करावं लागेल. खांब एकदा रोवला की तीस-चाळीस वर्षं तिथेच असतो, म्हणून संध्याकाळच्या स्वयंपाकाचा भार पहिल्याच आराखड्यात धरायला हवा.