दोन सेशनच्या मधल्या सहा दिवसांबद्दल

नौपाड्यातील आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्यांसाठी

"मॅडम, अजून किती सेशन लागतील?" तिसऱ्या-चौथ्या भेटीत हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे. फी भरायची, वर ऑफिसातून लवकर निघायचं. पण याचं उत्तर बरंचसं तुमच्या वहीवर, म्हणजे दोन भेटींच्या मध्ये भरायला आम्ही देतो त्या नोंदवहीवर अवलंबून असतं, म्हणून हे पत्रक.

चिंता, पॅनिक (अचानक उसळणारी तीव्र भीती) आणि सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी आम्ही प्रामुख्याने सीबीटी वापरतो, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी: मनात येणारे विचार तपासायचे आणि वागणं थोडं थोडं बदलायचं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना ही पद्धत विकसित केली. साधारण १२ ते २० सेशन लागतात. मात्र खरं काम दोन भेटींच्या मध्ये, तुमच्या घरी आणि ऑफिसात होतं.

वहीत चार रकाने आहेत: प्रसंग, त्या क्षणी मनात आलेला विचार, भावना (० ते १०० पैकी किती), आणि मग तुम्ही काय केलंत. बरेच जण ही वही आमच्या बाहेरच्या बाकावर, आत यायच्या दहा मिनिटं आधी भरतात. ते लगेच कळतं. आठवडाभराच्या नोंदी, पण प्रत्येक ओळीत "टेन्शन आलं" किंवा "खूप टेन्शन आलं".

समजा, साहेबांचा मेसेज आला, "जरा केबिनमध्ये या", आणि छाती धडधडू लागली. तेव्हाच लिहिलंत तर वाक्य सापडतं: "आता नोकरी जाणार, घराचा हप्ता कसा भरू?" या वाक्यावर काम करता येतं. पुरावा काय? मागे तीनदा बोलावलं होतं, तेव्हा काय झालं? चार दिवसांनी आठवून लिहिलंत तर "ऑफिसात टेन्शन" एवढंच उरतं, आणि त्याला कुठलाच प्रश्न विचारता येत नाही. मग सेशनचा निम्मा वेळ ते वाक्य शोधण्यात जातो. मोबाइलवर दोन ओळी टिपल्यात तरी पुरे. लोकलमध्ये उभ्याने लिहा, शुद्धलेखन आम्ही बघत नाही.

वही कोरी असेल तर आम्ही ती सेशनमध्येच बसून भरून घेतो. यावर "मी बोलायला आलो होतो, लिहायला नाही" अशी नाराजी ऐकायला मिळते. आम्ही तरीही हे सोडत नाही, कारण त्याशिवाय पुढचं पाऊल ठरत नाही. फक्त मन मोकळं करायचं असेल तर तशी भेटही आहे. वेळ घेताना तसं सांगा.

लोकलच्या गर्दीची भीती असेल तर पायऱ्यापायऱ्यांनी जायचं. आधी दुपारी ठाणे स्टेशनच्या बाकावर बसायचं, मग स्लो गाडीने मुलुंड, पुढे घाटकोपर, आणि शेवटी सकाळची दादर फास्ट. मुलुंड तीन-चार मिनिटांवर आहे, म्हणून तिथवर लागोपाठ जा-ये करायला सांगतो. पॅनिक सहसा दहा मिनिटांत टोकाला जाऊन ओसरू लागतं. त्याआधीच उतरलात तर "उतरलो म्हणून वाचलो" एवढंच शरीर शिकतं, आणि पुढच्या वेळी भीती आणखी वाढलेली असते. छातीत धडधड पहिल्यांदाच होत असेल तर मात्र आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवा.

घाबरल्यावर शांत व्हायला श्वासाचा सराव: आत घेताना चार आकडे मोजायचे, सोडताना सहा. रोज शांत असताना पाच मिनिटं करा. सवय नसेल तर ऐन वेळी जमत नाही. नैराश्यात "मूड आला की करू" म्हणून थांबू नका. तलावपाळीला एक फेरी, वेळ ठरवून. मूड मागाहून येतो.

आम्ही औषधं देत नाही, ते काम मनोविकारतज्ज्ञांचं. औषधांचा परिणाम जाणवायला बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात. स्वतःहून ती बंद करू नका. तुमची परवानगी असेल तर आम्ही तुमच्या डॉक्टरांशी बोलतो. जीव नकोसा वाटत असेल तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका: सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली-मानस, १४४१६, मोफत, २४ तास, मराठीतही. धोका तातडीचा असेल तर जवळचं रुग्णालय गाठा.

नोकरदारांसाठी रात्री नऊपर्यंत आणि शनिवारी वेळ मिळते. वही मोफत आहे, संपली की दुसरी मागून घ्या. घरच्या कुणाला यायचं असेल तर पहिलं फोनवरचं बोलणं विनाशुल्क आहे. वेळ बदलायची असल्यास आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणजे ती जागा वाट बघत असलेल्या दुसऱ्या कुणाला देता येते.