स्फटिक क्षेत्र सिद्धांत

लोह, क्रोमियम, टायटॅनियम यांसारख्या संक्रमणी धातूंच्या जटिल संयुगांचे रंग, चुंबकीय गुणधर्म आणि स्थैर्य यांचा उलगडा करणारा सिद्धांत. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी तो १९२९ मध्ये स्फटिकातील आयनांसाठी मांडला. नाव तिथूनच आले. जॉन व्हॅन व्ह्लेक यांनी १९३० च्या दशकात त्याचा विस्तार केला. तरी रसायनशास्त्रज्ञांनी तो खऱ्या अर्थाने वापरात आणला १९५० च्या दशकातच.

सिद्धांताचे गृहीतक भलतेच धाडसी आहे. मध्यवर्ती धातू आयनाला जोडलेले भोवतीचे रेणू किंवा आयन, म्हणजेच लिगँड, हे नुसते ऋण विद्युत भाराचे बिंदू मानायचे. इलेक्ट्रॉनांची भागीदारी नाही, फक्त आकर्षण आणि प्रतिकर्षण. मोकळ्या आयनात पाचही डी कक्षकांची, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे राहतात अशा पाच जागांची, ऊर्जा सारखी असते. सहा लिगँड एक्स, वाय आणि झेड अक्षांवरून जवळ आले, म्हणजे अष्टफलकी रचना झाली, की ही समानता मोडते. दोन कक्षकांच्या पाकळ्या थेट अक्षांवर, लिगँडांच्या समोरच येतात, त्यामुळे त्यांची ऊर्जा वाढते. उरलेल्या तिघांच्या पाकळ्या अक्षांच्या मधून जातात, म्हणून ते खालच्या पातळीवर राहतात. दोन पातळ्यांतील अंतराला डेल्टा म्हणतात. सरासरीच्या मानाने वरची जोडी ०.६ डेल्टा वर, तर खालचे त्रिकूट ०.४ डेल्टा खाली असते. चार लिगँडांच्या चतुष्फलकी रचनेत हा क्रम उलटतो आणि अंतर सुमारे ४/९ पट उरते.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा पाण्यातल्या टायटॅनियमच्या +३ आयनात मिळतो. त्यात डी इलेक्ट्रॉन एकच. तो खालून वर उडी मारताना सुमारे ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश, म्हणजे प्रतिमोल जवळजवळ २४० किलोजूल ऊर्जा शोषतो. निळसर हिरवा भाग गेल्यावर उरलेला तांबडा आणि जांभळा प्रकाश मिळून द्रावण जांभळट दिसते. माणिक आणि पाचू यांची गोष्टही याच अंतराची आहे. दोन्हींत रंग देणारा आयन एकच, +३ क्रोमियम, आणि त्याच्याभोवती सहा ऑक्सिजनही तसेच. पण पाचूच्या स्फटिकजालकात ऑक्सिजनांचे विद्युत क्षेत्र थोडे दुबळे पडते, डेल्टा घटतो, शोषणाचे पट्टे सरकतात आणि तांबड्याचे हिरवे होते.

चार ते सात डी इलेक्ट्रॉन असलेल्या अष्टफलकी आयनांत आणखी एक प्रश्न उभा राहतो: इलेक्ट्रॉनांनी खालीच जोड्या करायच्या, की वर जाऊन एकेकटे राहायचे? जोडी करायला ऊर्जा लागते, वर जायलाही लागते. स्वस्त पडेल ते होते. +२ लोहाभोवती सहा पाण्याचे रेणू असतील तर डेल्टा लहान असतो आणि चार इलेक्ट्रॉन अयुग्मित, म्हणजे एकेकटे राहतात, म्हणून संयुग चुंबकाकडे ओढले जाते. त्यांच्या जागी सहा सायनाइड आले की सहाही इलेक्ट्रॉन खाली जोडीने बसतात आणि चुंबकाकडे ओढले जाणे थांबते.

कोणता लिगँड डेल्टा किती वाढवतो याची क्रमवारी जपानी रसायनशास्त्रज्ञ र्‍युतारो त्सुचिदा यांनी १९३८ मध्ये वर्णपटांवरून लावली. आयोडाइड, ब्रोमाइड, क्लोराइड, फ्लुओराइड, हायड्रॉक्साइड, पाणी, अमोनिया, सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड अशी ती ढोबळमानाने चढत जाते. सिद्धांताची खरी अडचण याच यादीत आहे. बिंदुभारांचे चित्र खरे असते, तर ऋणभारित हायड्रॉक्साइडने उदासीन पाण्याला मागे टाकायला हवे होते आणि कार्बन मोनॉक्साइडला तळ गाठावा लागला असता. पोटॅशियम परमँगनेटचा गडद जांभळा रंगही या हिशेबात बसत नाही, कारण +७ मँगनीजमध्ये डी इलेक्ट्रॉन एकही नसतो. तिथला रंग ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन धातूकडे सरकण्यातून येतो.

लिगँड क्षेत्र सिद्धांताने रेणवीय कक्षकांचा, म्हणजे धातू आणि लिगँड दोघांवर पसरलेल्या कक्षकांचा, आधार घेऊन ही कोडी सोडवली. त्यात डेल्टा कायम राहतो, अर्थ मात्र बदलतो: वरची जोडी आता धातू आणि लिगँड यांच्यातील प्रतिबंधी, म्हणजे बंध दुबळा करणाऱ्या, कक्षकांची ठरते. आयोडाइड, क्लोराइड यांसारखे हॅलाइड आपले π (पाय) प्रकारच्या कक्षकांतले इलेक्ट्रॉन धातूच्या त्रिकुटाकडे ढकलून त्याला वर उचलतात, म्हणून अंतर घटते. कार्बन मोनॉक्साइड उलट त्याच त्रिकुटातील इलेक्ट्रॉन आपल्या रिकाम्या कक्षकांत सामावून घेतो, त्रिकूट खाली जाते आणि अंतर वाढते.