लेझीमचा डाव की हलगीची जुगलबंदी? प्रोग आणि फ्यूजनचे ड्रमर

माझ्याकडे ड्रम शिकायला येणारी पोरं पहिल्या वर्षात एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, बिल ब्रुफर्ड आणि बिली कोबहॅम एकाच प्रकारचे ना?" गोंधळ व्हावा असंच आहे. दोघंही सत्तरच्या दशकात गाजले, दोघांच्या मात्रा सरळ चारात बसत नाहीत आणि दोघांचेही हात डोळ्यांना दिसत नाहीत. तरी प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांब, आधी रचलेल्या गाण्यांच्या 'प्रोग' रॉकचा ड्रमर आणि जॅझ फ्यूजनचा, म्हणजे जॅझ-रॉकच्या मिश्रणाचा ड्रमर ही दोन वेगळी माणसं आहेत. त्यांचं कामच वेगळं आहे.

सोलापूरच्या माणसाला हा फरक समजवायला लांब जावं लागत नाही. शिवजयंती जवळ आली की संध्याकाळी मैदानांवर लेझीमचा सराव सुरू होतो. डाव ठरलेले असतात. शिट्टी वाजली की डाव बदलतो आणि सगळ्यांचं पाऊल एकदम वळतं. एकाचं चुकलं तरी लांबून दिसतं. आता त्याच मिरवणुकीत दोन हलगीवाले समोरासमोर उभे राहिलेले आठवा. एकानं एक बोल काढला की दुसरा तोच उलटवून परत देतो, मग पहिला तो दुप्पट करतो. पुढच्या क्षणी काय वाजणार हे त्या दोघांनाही ठाऊक नसतं. लेझीमचा डाव म्हणजे प्रोग. हलगीची जुगलबंदी म्हणजे फ्यूजन.

पोरं चुकतात ती मात्रांपाशी. सात किंवा नऊ मात्रा ऐकल्या की हे प्रोगच, असं धरून चालतात. तबला शिकलेल्याला त्यात नवल वाटू नये. आपला रूपक सातांचा, झपताल दहाचा, धमार चौदाचा. मात्रा सरळ चारात बसत नाहीत एवढ्यावरून वाजवणारा काय करतोय हे कळत नाही.

रश या कॅनडाच्या बँडचं उदाहरण घ्या. नील पर्ट 1974 मध्ये त्यात आला. 1981 च्या 'मूव्हिंग पिक्चर्स' अल्बममधल्या 'वायवायझेड'ची सुरुवात टोरांटो विमानतळाच्या तीन अक्षरी संकेतावर बांधली आहे. मोर्स कोडमधली ती अक्षरं जशीच्या तशी ठोक्यांत उतरवली आहेत. लांब खुणेला दोन आणि आखूड खुणेला एक धरून मोजा. 'वाय'चे सात, परत 'वाय'चे सात आणि 'झेड'चे सहा, एकूण वीस. हातावर टाळी देत मी हे पोरांना मोजायला लावतो आणि ते जमलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. हे सगळं आधी रचलेलं आहे. पर्ट आपले फिल्स, म्हणजे गाण्याच्या दोन भागांना जोडणारे ड्रमचे छोटे तुकडे, लिहून ठेवल्यासारखे वाजवायचा. चाहत्यांना ते तोंडपाठ असायचे आणि मैफलीत हजारो माणसं हवेत हात मारून त्याच्याबरोबर तेच फिल्स वाजवायची. त्यात कमीपणा शोधू नये. सुंदर बंदिश दरवेळी तशीच म्हणणं ही सुद्धा साधना आहे.

आता महाविष्णू ऑर्केस्ट्रा. गिटारवादक जॉन मॅकलॉफलिनच्या या फ्यूजन बँडच्या पहिल्या संचात, 1971 ते 1973, ड्रमवर कोबहॅम होता. 'बर्ड्स ऑफ फायर' अठरा मात्रांत आहे. कागदावर ते रशपेक्षा सोपं नाही. पण अठराचं आवर्तन ही तिथं फक्त जमीन. गिटार पेटली की कोबहॅम त्या जमिनीवर काय पेरेल याचा नेम नाही. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये मुद्रित झालेल्या त्यांच्या लाइव्ह अल्बमवर फक्त तीन रचना आहेत. एवढी जागा लागते, कारण मधला सगळा भाग संवादाचा आहे. आमच्याकडच्या एका हलगीवाल्याला मी तो ऐकवला. त्याला इंग्रजी येत नाही, अठरा मात्राही त्यानं मोजल्या नाहीत. पण दोन आवर्तनांनंतर त्याचं बोट गुडघ्यावर बरोबर समेला पडायला लागलं आणि तो म्हणाला, "हा बघा, त्याला उत्तर देतोय." मला दहा धड्यांत जे शिकवता येत नाही ते तो एका वाक्यात सांगून गेला.

किटच्या, म्हणजे ड्रमच्या संचाच्या आकारावर तर जाऊच नका. मोठा किट दिसला की प्रोग, हा अंदाज कोबहॅमपाशीच मोडतो. त्याचा किटही मोठाच होता, दोन बेस ड्रमचा.

एकच माणूस दोन्हीकडे ऐकायचा असेल तर 1976 सालचा फिल कॉलिन्स ऐका. बरेच जण त्याला फक्त गायक म्हणून ओळखतात आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. त्या एकाच वर्षी जेनेसिस या प्रोग बँडचा 'अ ट्रिक ऑफ द टेल' अल्बम आला आणि ब्रँड एक्स या फ्यूजन बँडचा 'अनऑर्थोडॉक्स बिहेवियर'सुद्धा. जेनेसिसमध्ये तो गाण्याच्या भिंती बांधतो, प्रत्येक वीट जागच्या जागी. ब्रँड एक्समध्ये तोच माणूस बेसवाल्याच्या मागे धावतो, त्याला अडवतो, मोकळं सोडतो. त्याआधी जेनेसिसच्याच 1972 च्या 'सपर्स रेडी'मधला नऊ मात्रांचा भागही ऐका. ताल नऊचा घट्ट आणि टोनी बँक्सचं ऑर्गन त्याला न जुमानता वेगळ्याच वजनानं चालतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्लीत दोन यंत्रमाग कमीजास्त वेगानं चालू असले की त्यांचे खटके लांब जातात आणि मग अचानक एकत्र येतात. मला तो भाग ऐकताना नेहमी तोच आवाज आठवतो.

मग ब्रुफर्ड कुठला? खरं सांगायचं तर हद्दीवरचा. 'क्लोज टू द एज' हा अल्बम करून 1972 मध्ये त्यानं यश ऐन भरात असताना येस हा प्रोग बँड सोडला आणि किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडमध्ये गेला. रचलेलं वाजवणं सोडून तो आयत्या वेळच्या वाजवण्याकडे गेला. 1973 मध्ये ॲमस्टरडॅमच्या मैफलीत बँडनं 'ट्रिओ' नावाची रचना जागच्या जागी सुचेल तशी वाजवली. व्हायोलिन, बेस आणि मेलोट्रॉन हे कीबोर्डचं वाद्य हळुवार चालले होते. ब्रुफर्ड काठ्या छातीशी धरून बसून राहिला. एकही ठोका दिला नाही. तरी रचनाकारांत त्याचं नाव घातलं गेलं, कारण न वाजवण्याचा निर्णयही त्याचाच होता. ड्रम शिकणाऱ्या प्रत्येकानं हा प्रसंग लक्षात ठेवावा. पुढे त्यानं स्वतःच्या नावाचा फ्यूजन बँड काढला आणि नंतर 1986 मध्ये जॅझकडे वळून अर्थवर्क्स हा बँड.

ओळखायची माझी रीत सोपी आहे. एकाच रचनेची स्टुडिओतली आणि मैफलीतली ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावा आणि फक्त ड्रम ऐका. फिल्स जागच्या जागी सापडले तर डाव ठरलेला आहे. जागा तीच पण बोल वेगळे आले तर समोरच्याला उत्तर चाललंय. रचनेची सुरुवात ऐकून ठरवू नका, कारण फ्यूजनमध्येही मुखडा लिहिलेलाच असतो. मधल्या भागात जाऊन ऐका.

या हद्दीवरच चांगले वादक दुर्लक्षित राहतात, कारण दोन्हीकडचे लोक त्यांना आपलं म्हणत नाहीत. मायकल जाइल्स किंग क्रिमसनच्या 1969 च्या पहिल्या अल्बमवर वाजवून त्याच वर्षाच्या अखेरीस बाहेर पडला. स्नेअर या ड्रमवरचे त्याचे बारीक कण पन्नास वर्षांनीही ताजे वाटतात. गाँग बँडचा पिएर मोर्लेन ड्रम आणि व्हायब्राफोन (सुरांच्या धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) दोन्ही वाजवायचा, त्यामुळे त्याच्या तालालाही सूर असतो. 'गझूझ' हा अल्बम ऐकून पाहा. इटलीच्या आर्ती ए मेस्तिएरी बँडचा फ्युरिओ किरिको तर इथं कुणाला माहीतच नाही. 1974 च्या 'टिल्ट'मध्ये त्याचे हात क्षणभर थांबत नाहीत आणि तरी गाणं गुदमरत नाही. नारद मायकल वॉल्डन हे नाव वाचून पोरं दचकतात. श्री चिन्मय या आध्यात्मिक गुरूंनी दिलेलं ते नाव. कोबहॅमनंतर महाविष्णूच्या ड्रमवर बसणं म्हणजे केवढं ओझं, ते त्यानं विशीतच उचललं. पुढे निर्माता म्हणून तो इतका मोठा झाला की त्याचं वाजवणं लोक विसरले.

आणि आपला त्रिलोक गुर्टू. शोभा गुर्टूंचा मुलगा, मुंबईत वाढलेला. तो जमिनीवर गुडघे टेकून ड्रम वाजवतो, शेजारी तबला ठेवतो, वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवतो आणि तिचा सूर वाकतो. पोरांना मी सगळ्यात शेवटी त्याला ऐकवतो. तोपर्यंत त्यांचे कान तयार झालेले असतात.