बाँडवर घेतलेला प्लॉट आपला होतो का?

छत्रपती संभाजीनगरच्या गुंठेवारी वसाहतींपासून बीड-परभणीच्या शिवारापर्यंत एक समजूत पक्की आहे: बाँडवर लिहून नोटरी केली, ताबा घेतला, की जागा आपली.

नाही होत. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 54 प्रमाणे 100 रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या जागेची मालकी खरेदीने मिळते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच. नोटरी फक्त सही कोणाची ते साक्षांकित करतो. बाँड 100 चा असो की 500 चा, त्याने फरक पडत नाही. ताब्याला मिळणारं याच कायद्याच्या कलम 53अ चं संरक्षणसुद्धा (म्हणजे विकणाऱ्याला ताबा परत मागता येत नाही, ते) 2001 नंतरच्या नोंदणी नसलेल्या कराराला नाही.

मग तो कागद रद्दी का? तसंही नाही. करार पूर्ण करून मागण्याच्या दाव्यात तो पुरावा म्हणून चालतो, पण मुदत तीनच वर्षं. ठरलेल्या तारखेपासून, तारीख नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून.

आयुष्यभराची कमाई त्या कागदात घातलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो: विकणारा हयात आहे तोवर खरेदीखत करून घ्या. तो गेला की प्रत्येक वारसाची सही लागते.