पार्श्वभूमी : खैरलांजीची फाशी आणि पंचवीस वर्षं

इंग्रजांच्या काळात खुनाला फाशी हाच नियम होता. ती दिली नाही तर न्यायाधीशाला कारणं लिहावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने ही अट गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तर पारडंच फिरवलं. आता फाशी द्यायची तर ‘विशेष कारणं’ हवीत. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी वैध ठरवली, पण ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणापुरतीच.

विदर्भातल्या खेड्यांना हे शब्द कळले ते खैरलांजीमुळे. भंडारा जिल्ह्यातल्या या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, मात्र दलित-आदिवासींसाठीचा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असं ठरवलं. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहाही फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली आणि हत्या सूडातून झाली असं म्हटलं. जात बाजूला ठेवली की ‘दुर्मिळ’ काय उरतं? आमच्याकडे लोकांना फाशी टळण्यापेक्षा हेच जास्त झोंबलं, आणि मला ते रास्त वाटतं.

घटना समितीत १९४९ साली मसुदा समितीच्या अध्यक्षांनी फाशीच रद्द करण्याला आपला कौल सांगितला होता. त्यांचीच तसबीर घेऊन २००६ मध्ये माणसं फाशी मागत रस्त्यावर उतरली. न्याय मिळतोय याची दुसरी कुठलीच खूण त्यांना दिसत नव्हती.

‘जन्मठेप’ या शब्दाचा गुंता त्यात भर घालतो. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं गावोगाव धरून चालतात. खरं तर फाशीही होऊ शकेल अशा गुन्ह्यात चौदा वर्षांच्या आत सोडता येत नाही, एवढंच १९७८ ची दुरुस्ती सांगते, जन्मठेप आयुष्यभराचीच. शिक्षामाफी न देता ठरावीक वर्षं आत ठेवायची वाट सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मोकळी केली.

फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवण्यात आलं. पुन्हा फाशीची मागणी झाली आणि त्याच वर्षी राज्याने फाशीची तरतूद असलेलं नवं विधेयक आणलं. ते डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने कायदा झालं नाही. आरोपीला २०२२ मध्ये जन्मठेप झाली.

फाशीने गुन्हे घटतात का? त्रावणकोरमध्ये १९४४ पासून काही वर्षं फाशी बंद होती. खून त्यामुळे वाढले नाहीत. फाशीची जरब सांगणाऱ्या अभ्यासांवर धोरण ठरवू नये, असं अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय समितीने २०१२ मध्ये म्हटलं. आपल्या विधी आयोगाने १९६७ मध्ये फाशी ठेवा म्हटलं होतं. ऑगस्ट २०१५ मध्ये दहशतवाद वगळता ती रद्द करा म्हटलं. त्याच्या महिनाभर आधीच, ३० जुलैला, नागपूरच्या कारागृहात एक फाशी झाली होती.