नांव, नाव आणि नों

माझी भाची फ्रान्समध्ये तुलूझला शिकते. गेल्या महिन्यात तिच्या घरमालकीणबाईंना नात झाली आणि त्याच रात्री भाचीचा मेसेज आला : "मामा, बाळाचं नाव 'क्विटेरी' ठेवलंय. मी म्हटलं की सगळे गालातल्या गालात हसतात. मोठा नातू ऑगस्टिन, त्याला हाक मारली तर तो बघतही नाही."

बघणार कसा? त्याचं नाव ऑगस्टिन नाहीच. ते आहे 'ओग्युस्ताँ'च्या जवळपासचं काहीतरी. 'जवळपासचं' का म्हणतो ते पुढे येईल. आणि बाळ आहे 'कित्री'. मधला 'ए' फ्रेंच लोक गिळतात. त्यात नवल वाटायचं कारण नाही, आपणही 'बसला' लिहितो आणि 'बस्ला' म्हणतो.

ही नावं जुन्या, खानदानी फ्रेंच घरांतली. 1803 च्या कायद्यानं फ्रान्समध्ये मुलांना संतांच्या पंचांगातलं किंवा प्राचीन इतिहासातलंच नाव ठेवता येई. 1993 मध्ये आईबापांना जवळपास पूर्ण मोकळीक मिळाली. पण घोडे, किल्ले आणि कर्ज एकदमच वारशात आलेल्या घराण्यांनी आपला मध्ययुगीन साठा सोडला नाही. आँगेराँ, फुल्क, आल्येनोर, सिक्स्तिन, तिबो, शार्ल-आँरी. आल्येनोर ही बाराव्या शतकातली, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या अ‍ॅक्विटेनची डचेस, आधी फ्रान्सची आणि मग इंग्लंडची राणी. कित्री ही दक्षिण फ्रान्समधली संत. पिसाळलेलं कुत्रं चावलं की लोक तिचा धावा करत. त्याच फ्रान्सात 6 जुलै 1885 ला पाश्चरनं नऊ वर्षांच्या एका मुलाला रेबीजची लस टोचवली आणि मुलगा वाचला. तरी आपल्याकडे आजही चावलेल्या जागी तिखट भरणारे आणि मांत्रिकाकडे धावणारे आहेत. नाव संताचं ठेवा, पण इंजेक्शन दवाखान्यातच घ्या.

आता मुद्द्याचं. "फ्रेंच लोक नाकातून बोलतात" असं आपण म्हणतो. सर्दी झालेल्यालाही तेच म्हणतो. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. सर्दीनं नाक चोंदतं, तेव्हा माणूस 'मला' म्हणायला जातो आणि 'बला' ऐकू येतं, कारण 'म'ला लागणारी नाकाची वाटच बंद असते. सर्दीवाला नाकातून बोलत नाही. त्याची अडचणच ती आहे.

ही वाट कुठे आहे ते आरशात दिसतं. तोंड उघडून 'आऽ' म्हणा. मागे लोंबणारी पडजीभ वर उचलली जाते. तिच्यासकट टाळूचा मागचा मऊ भाग वर जाऊन घसा आणि नाक यांच्यामधलं दार लावून घेतो. (डॉक्टर 'आ करा' म्हणतात त्याचं एक कारण हेच, घसा मोकळा दिसतो.) आता फ्रिजमधली थंड स्टीलची ताटली नाकपुड्यांखाली आडवी धरा. 'आऽऽ' म्हणत असताना तिच्यावर बाष्प धरत नाही. मग 'हां, हां' म्हणतानाचा तो 'आँऽऽ' लांबवा. ताटलीवर दोन ढगुले उमटतात. ताटली मात्र श्वास सोडायच्या आधी बाजूला घ्या, नाहीतर प्रयोग फसेल. जीभ होती तिथेच आहे, ओठ तसेच आहेत, फक्त मागचं दार उघडलं. अनुनासिक स्वर म्हणजे एवढंच.

मऊ टाळू हा तसा आळशी अवयव. 'आन' म्हणायचं असेल तर 'न'साठी दार उघडावं लागतं, आणि टाळू ते काम 'आ' चालू असतानाच सुरू करतो. म्हणजे 'आ'लाही थोडं नाक लागतं. जुन्या फ्रेंचमध्ये हे लागलेलं नाक पक्कं होत गेलं. पुढे शब्दाच्या किंवा अक्षराच्या शेवटचा 'न' गळून पडला आणि स्वराचं नाक तेवढं उरलं. म्हणून ओग्युस्ताँ म्हणताना शेवटी जीभ दातांना लागता कामा नये. आपण तिथेच चुकतो, जीभ सवयीनं 'न'वर जाऊन बसते. पण 'न'च्या पुढे स्वर असला तर 'न' पुढच्या अक्षरात जाऊन वाचला आणि मागच्या स्वराचं नाक कालांतरानं गेलं. म्हणून मुलगा ओग्युस्ताँ, पण मुलगी ओग्युस्तिन, स्वच्छ 'न'सकट. मुलगा झाँ, मुलगी झान. लिहिताना मुलीच्या नावाला शेवटी जोडलेला 'ए' स्वतः मुका असतो, पण आधीचं व्यंजन वाचवून जातो.

मग 'इन'चा 'आँ'सारखा उच्चार कसा झाला? 'ईं' का नाही? मला या सगळ्यात सर्वात आवडणारी गोष्ट ही.

तोंड ही एक नळी आहे आणि प्रत्येक स्वराला तिचे ठरावीक अनुनाद असतात, म्हणजे काही वारंवारता तिच्यात जास्त घुमतात. 'ई'चा पहिला अनुनाद साधारण 300 हर्ट्झवर येतो, 'आ'चा 700 च्या आसपास. कान या पहिल्या आकड्यावरून तोंड किती उघडं आहे ते ताडतो. आकडा लहान तर तोंड मिटलेलं, मोठा तर उघडं. नाकाचं दार उघडलं की मुख्य नळीला एक आडनळी जोडली जाते. ती स्वतःचे अनुनाद आणते आणि काही वारंवारता गिळूनही टाकते, म्हणजे प्रतिअनुनाद. 'ई'चा 300 चा टोकदार सुळका पसरट होतो आणि त्याच्या वर, 1000 हर्ट्झच्या अलीकडेपलीकडे, नाकाची आणखी एक टेकडी उभी राहते. जवळजवळच्या या दोन उंचवट्यांचा कान जणू गुरुत्वमध्य काढतो, आणि तो 300 च्या वर सरकलेला असतो. ऐकणाऱ्या पोराला वाटतं, बोलणाऱ्यानं तोंड जास्त उघडलंय. ते स्वतः खरंच जास्त उघडतं. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं की 'इं' पायरी-पायरीनं उतरत 'अ‍ॅ'पाशी येतो आणि 'एं' थेट 'आँ'पाशी. म्हणून आँरी लिहिताना 'ए' आणि म्हणताना 'आ'. स्त्रीसाठीचा फ्रेंच शब्द लिहितात 'फेम' आणि म्हणतात 'फाम'. त्यातलं नाक केव्हाच गेलं, पण स्वर खाली उतरला तो उतरलाच.

म्हणजे ओग्युस्ताँमधला शेवटचा स्वर खरं तर 'अ‍ॅ' आणि 'आँ'च्या मधला आहे, 'बॅट'मधला 'अ‍ॅ' नाकातून म्हणा. देवनागरीत त्याला सोय नाही. आपलं टिंब तर भरवशाचं राहिलेलंच नाही. 'केलं'वरचं टिंब नाकाचं नसतं, ते नुसतं 'अ' लांबवा म्हणतं.

पूर्वी असं नव्हतं. संस्कृत 'दन्त'चा मराठीत 'दांत' झाला तो याच यंत्रणेनं, 'न' गेला आणि नाक मागे ठेवून गेला. लॅटिन 'देन्तेम' हा त्याचाच चुलतभाऊ, त्याचा फ्रेंचमध्ये 'दाँ' झाला. 'पञ्च'चं 'पांच', फ्रेंचांचं 'सँक'. दोन कुळं हजारो वर्षांपूर्वी फुटली आणि दोघांच्याही मऊ टाळूनं तोच आळशीपणा केला. प्रमाण मराठीनं पुढे नाकही सोडलं. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असले उच्चार नसलेले अनुस्वार पुसले आणि दांताचा दात झाला. फ्रेंचांनी नाक ठेवलं. 'नांव'चा रस्ता थोडा वेगळा, तिथे 'नाम'मधला 'म'च सैल होऊन 'वँ' झाला. पण गोव्यात आजही 'तुजें नांव कितें?' विचारताना नाक वाजतं. आणि फ्रेंचमध्ये नावाला म्हणतात 'नों'.

नावावरून नशीब ठरतं म्हणणारे तिकडेही आहेत. बाप्तिस्त कुलमों हे समाजशास्त्रज्ञ तिथल्या बारावीच्या निकालांतून कोणत्या नावाच्या किती मुलांना 20 पैकी 16 च्या वर गुण मिळाले ते मांडत असत. खानदानी नावं वर दिसायची. पण म्हणून पोरीचं नाव बदलून गुण वाढत नाहीत. त्या नावामागे पुस्तकांनी भरलेलं घर आणि शिकलेले आईबाप असतात. आपल्याकडे नावात एक जादा इंग्रजी अक्षर घालून देण्याचे पैसे घेणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही.

भाचीला हे सगळं व्हॉइस मेसेजवर सांगितलं, ताटलीच्या प्रयोगासकट. दोन दिवसांनी तिचा उलट मेसेज आला. मागे एक चार वर्षांचा पोरगा थंड ताटली नाकाखाली धरून 'ताँऽऽ ताँऽऽ' ओरडत होता. "हाकेला ओ देतो आता," ती म्हणाली, "पण कित्रीमधला 'र' घशातून काढायचा असतो म्हणे. तो कसा?"